परक्या पेटीवर घरची चाल

अहमदनगर म्हटले की निजामशाहीचा भुईकोट किल्ला आठवतो, चांदबिबीचे नाव आठवते, १९४२ नंतर त्याच किल्ल्यात स्थानबद्ध झालेले राष्ट्रीय नेते आठवतात. आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराची आणखी एक ओळख आहे आणि ती डोळ्यांपेक्षा कानांना अधिक पटते. मराठी चर्चमधील रविवारची उपासना ऐकणाऱ्याला क्षणभर संभ्रम पडावा, अशी गीते तेथे गायिली जातात. शब्द येशू ख्रिस्ताचे, पण चाल अभंगाची. वेदीवर क्रूस, पण तालाचा ठेका भजनाचा. या गीतांपैकी अनेकांच्या खाली एकच नाव आढळते, नारायण वामन टिळक. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तील विक्षिप्त, उदार आणि संसारात बेहिशेबी असलेले पती म्हणूनही ओळखतो. परंतु एका समाजाच्या गळ्याला त्याची हरवू पाहणारी चाल ज्यांनी परत मिळवून दिली, ते टिळक मात्र त्या समाजाबाहेर फारसे परिचित नाहीत.

एका वाद्यासाठी जन्मलेली धून दुसऱ्या वाद्यावर नेणे हे संगीतातले जुने आणि जिकिरीचे काम आहे. गजाने वाजणाऱ्या वाद्याचा अखंड सूर, छेडून अथवा पट्ट्या दाबून वाजणाऱ्या वाद्यावर आणताना काहीतरी सुटते आणि काहीतरी नवे लागते. टिळक वादक म्हणून नव्हे, कवी म्हणून प्रसिद्ध आहेत; तरीही आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी केलेले काम याच जातीचे होते. पाश्चात्य चालींची सवय लागलेल्या प्रार्थनामंदिरात त्यांना ओवी, अभंग आणि कीर्तन बसवायचे होते.

हे काम का करावे लागले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे उघडले ते १८३१ मध्ये. पुढे १८४२ मध्ये याच गावातून ‘ज्ञानोदय’ निघाले. शाळा निघाल्या, मुलींच्या शिक्षणाला प्रारंभ झाला, खेडोपाडी मंडळ्या उभ्या राहिल्या. या मंडळ्यांमध्ये जे लोक आले त्यांतील बहुसंख्य महार आणि मांग समाजातले होते. त्यांनी काय सोडले आणि काय मिळवले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. ते आपल्याबरोबर काय घेऊन आले, याकडे मात्र कमी लक्ष गेले. हलगी आणि सनई मांगांच्या हातातली. चोखामेळ्याचे अभंग महारवाड्यातल्या भजनात पिढ्यान् पिढ्या घोळलेले. जात्यावरच्या ओव्या प्रत्येक घरातल्या बाईच्या ओठांवर, पोवाडा आणि लावणी प्रत्येक जत्रेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसांचे कान अत्यंत सुशिक्षित होते.

आणि उपासनेसाठी त्यांच्यापुढे आली ती इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे. त्यामागची निष्ठा खरी होती, श्रमही खरे होते. अडचण होती ती रचनेतच. इंग्रजी स्तोत्राची चाल शब्दांच्या आघातांवर उभी असते, चार आवाजांच्या स्वरमेळात बांधलेली असते आणि प्रत्येक कडव्याला नोटेशनबरहुकूम तशीच येते. मराठी भाषेचा डौल निराळा. येथे आघातापेक्षा ऱ्हस्वदीर्घाला आणि अक्षराच्या लांबीला अधिक महत्त्व. परक्या चालीत मराठी शब्द ओतले की दीर्घ अक्षर तोकड्या सुरावर चिरडते, ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर उगाच ताणले जाते आणि शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो. अर्थ कानांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच हरवतो. शिवाय स्तोत्र गायचे तर हाती पुस्तक हवे आणि पुस्तक वाचता यायला हवे. भजनाचे तसे नाही. एकाने ओळ म्हणायची, सर्वांनी ती उचलायची. दुसऱ्या वेळी ती पाठ, तिसऱ्या वेळी ती आपली.

नगरच्या मिशनमधल्या जाणत्यांच्या हे ध्यानात आलेच नव्हते असे नाही. टिळक येण्यापूर्वी काही दशके कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी येथे ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग केला होता. त्याहीआधी, थेट १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तपुराण ओवीतच रचले होते. पण हे प्रयत्न सुटे राहिले. परंपरा म्हणता येईल असा साठा तयार व्हायचा होता आणि त्यासाठी कवी हवा होता.

तो कवी नगरला पोहोचला तो फार वळणे घेऊन. नारायण टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक; आई भाविक आणि कवितेची आवड असलेली. ती लवकर गेली आणि मुलाचे घर जणू तिच्याबरोबरच गेले. पोरवयात तो नाशिकला पोहोचला, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्याचा विवाह झाला. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक. याच १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. नाटकातल्या पदांवर अमुक चालीवर म्हणावे अशी सूचना छापण्याची पद्धत त्या काळच्या मराठी पुस्तकांतून सर्वत्र दिसते. लावणीची चाल पदाला, कानडी चाल नांदीला, स्त्रीगीताची चाल आणखी कशाला; चाल उचलणे ही चोरी नव्हती, व्यवहार होता. टिळक घडले ते अशा काळात.

नंतरची दहा-पंधरा वर्षे भटकंतीची. शिक्षक, वक्ता, संपादक, कवी अशी अनेक कामे त्यांनी केली. एकही फार काळ टिकले नाही. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम केले. १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचन वाचून ते अस्वस्थ झाले. दीड-दोन वर्षांच्या मंथनानंतर, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी ज्यांच्याशी त्यांचा संबंध आला त्या अमेरिकन मिशनच्या डॉ. जस्टिन ॲबट यांनी पुढे तुकाराम, एकनाथ आणि महिपती यांच्या रचना इंग्रजीत नेल्या, ही गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. चालींची ये-जा दोन्ही दिशांनी होती.

बाप्तिस्म्याची किंमत मात्र जबर होती. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. कर्मठ माहेर, लहानगा दत्तू पदरात आणि नवरा धर्माबाहेर. त्या काही काळ पंढरपुरात नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या. पती नगरला ख्रिस्ताची कविता लिहीत आहे आणि पत्नी विठ्ठलाच्या गावी त्याच्या नावाने अश्रू ढाळत आहे, असे हे चार-पाच वर्षांचे अंतर होते. टिळकांनी पत्रे लिहिली, भेटी घेतल्या. सक्ती केली नाही. अखेर लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या आपले सोवळेओवळे बरोबर घेऊनच. आणि ते एकेक करून त्यांनी स्वतःच्या विचाराने उतरवले. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. कदाचित या वर्षांनीच टिळकांना शिकवले असावे की माणसाचा विश्वास बदलू शकतो, पण त्याच्या अंगवळणी पडलेले सूर सक्तीने बदलता येत नाहीत; आणि बदलण्याचे कारणही नाही.

टिळकांनी नगरला धर्मशास्त्राच्या विद्यालयात अध्यापन केले, काही वर्षे राहुरीला काढली आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८९९-१९०० चा दुष्काळ याच वर्षांतला. नगर जिल्हा तसाही पावसाला पारखा. त्या वर्षी तर माणसे आणि गुरे रस्त्यावर पडली. राहुरीत अनाथ मुलांचा सांभाळ करण्याच्या कामात पतिपत्नी बुडून गेली. अशा मुलांपुढे उभे राहून इंग्रजी स्तोत्राचे भाषांतर शिकवणे आणि त्यांच्या आयांनी जात्यावर म्हटलेल्या ओवीच्या वळणाने चार ओळी म्हणणे, यांत कोणती गोष्ट लवकर त्यांच्या जवळ जाईल हे सांगायला संगीतशास्त्र लागत नाही.

टिळकांनी हात घातला तो अभंगाला. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते आणि शेवटचा आखूड चरण श्वास सोडावा तसा येतो. येथे लघुगुरूंचे बंधन नाही. गाणारा अक्षर हवे तसे ओढू शकतो. म्हणूनच एक अभंग पन्नास चालींत गाता येतो आणि एक चाल पन्नास अभंगांना पुरते. पंढरीच्या वाटेवर शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेले हे साधन टिळकांच्या हाती आयते होते. ते त्यांनी उसने म्हणून घेतले नाही, वारसा म्हणून घेतले. तुकोबांच्या पुलावरून चालत आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची भावना होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. ‘अभंगांजली’तील रचना वाचताना ही गोष्ट पदोपदी जाणवते. देवाला आई म्हणणे, त्याच्याशी भांडणे, स्वतःचे उणेपण उघडे करणे ही सारी वळणे तुकोबांच्या गाथेतून आलेली. आणि तरीही ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो निःसंशय नासरेथचा येशू.

अभंगाबरोबर ओवी आली, पद आले, साकी-दिंडी आली. कीर्तनाचे रूपही त्यांनी उचलले. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखाद्या वचनाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान अशी विभागणी असते. ख्रिस्ताच्या चरित्रातील कथा या साच्यात विनासायास बसतात. गावच्या चावडीपुढे दिव्याच्या उजेडात तीन-तीन तास बसून आख्यान ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना बाकांवर बसून प्रवचन ऐकण्यापेक्षा हे सोयीचे होते.

आता वाद्याचा प्रश्न. टाळ, मृदंग, एकतारी यांना ही रचना नवी नव्हती. खरी कसोटी होती ती ऑर्गनची आणि पेटीची. पाश्चात्य उपासनेतील ऑर्गन दोन्ही हातांनी वाजतो. उजवा हात चाल चालवतो आणि डावा तिच्याखाली स्वरांचे गुच्छ मांडतो. प्रत्येक पावलागणिक हे गुच्छ बदलतात आणि त्या बदलातच त्या संगीताचे सौंदर्य असते. अभंगाचे घर याच्या उलट बांधलेले. तेथे खाली एकच षड्ज तेवत असतो आणि चाल त्याच्या भोवती फिरून पुन्हा त्याच्याच पायाशी येऊन बसते. तिच्याखाली सतत सरकणारे स्वरगुच्छ ठेवले तर तिला बसायला जागाच उरत नाही. दुसरी अडचण मिंडेची. कंठ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये मात्र काहीच नसते. तेव्हा वादकाने डाव्या हाताचा मोह सोडावा, आधारस्वर धरून ठेवावा, उजव्या हाताने गाणाऱ्याच्या मागोमाग जावे आणि जेथे मींड येत नाही तेथे कणस्वराचा हलका स्पर्श देऊन तिचा भास निर्माण करावा, एवढाच मार्ग उरतो. ज्याला नोटेशन वाचून वाजवण्याचे वळण आहे, त्याला हे नव्याने शिकावे लागते. पुढे जायचे नाही, मागे राहायचे. ही शिकवण हातांना जड जाते.

यात एक गंमत आहे. १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हातपेटीला जे रूप दिले, त्यात एक हात भात्याला अडकलेला असतो. स्वरांसाठी उरतो एकच हात. म्हणजे स्वरगुच्छांचा निम्मा मोह वाद्याच्या बांधणीनेच काढून टाकला! युरोपातून निघालेले हे वाद्य भारतात बैठकीवर आले, जमिनीवर बसले आणि भजनाला लागले. शास्त्रोक्त संगीताच्या जाणकारांनी तिला पुढे पुष्कळ नावे ठेवली, १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दारच बंद केले आणि ते पुन्हा उघडायला १९७१ उजाडले. पण देऊळ, नाटक, तमाशा आणि चर्च या चारही ठिकाणी तिने आपले बस्तान केव्हाच बसवले होते. परक्या घरातून आलेली पेटी इथली चाल शिकली आणि त्याच सुमारास परक्या घरातून आलेली श्रद्धाही इथली चाल शिकत होती.

हे सर्वांना रुचले असे मात्र नाही. टाळ आणि मृदंग ही सोडून आलेल्या धर्माची खूण आहे, ती देवघरात कशाला, असे वाटणारे ख्रिस्ती लोक होतेच. ज्यांना जुन्या व्यवस्थेने गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांना इंग्रजी चालीत एक नवी प्रतिष्ठा दिसत असेल तर त्यांना दोष देता येत नाही. कोट घालणे आणि ऑर्गनवर स्तोत्र म्हणणे या माणूस म्हणून उभे राहण्याच्या तऱ्हा होत्या. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या टिळकांना देशी वळण जितके सहज परवडत होते, तितके ते इतरांना परवडत नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. दुसऱ्या बाजूला, ज्या समाजातून टिळक आले तो त्यांना बाटलेला समजत होता. देशाभिमानाची त्यांची कविता वाचूनही त्याचे मन पुरते वळले नव्हते. दोन्हीकडून परकेपणा वाट्याला आलेल्या या माणसाने दोन्हीकडचे सोडले नाही. वाद जिंकण्यापेक्षा गाणी लिहिण्यावर त्यांचा भर राहिला आणि गाणी वादापेक्षा अधिक दूर गेली.

टिळकांचे नगरचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. संसाराच्या हिशेबाचे त्यांना वावडे, येणाऱ्याला नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नाही. घर चालवण्याची सारी कसरत लक्ष्मीबाईंची. याच घरात बालकवी ठोमरे राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात या पोरसवदा कवीची टिळकांशी गाठ पडली होती. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. धर्मांतरित पाळकाच्या घरी हिंदू कवी वाढतो आहे आणि दोघेही फुलांवर, पाखरांवर, झऱ्यांवर लिहीत आहेत, हे दृश्य त्या काळच्या महाराष्ट्रात विरळाच.

१९०९ मध्ये टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. ख्रिस्ताचे समग्र चरित्र ओवीबद्ध करण्याचा हा संकल्प होता. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले आणि लेखणीला उसंत राहिली नाही. सुमारे दहा अध्यायांवर ‘ख्रिस्तायन’ थांबले. दरम्यान उपासनागीतांचा ओघ मात्र सुरूच होता. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे जे गीतपुस्तक घराघरांत पोहोचले, त्या ‘उपासना संगीत’मध्ये एका कवीचा एवढा मोठा वाटा दुसऱ्या कोणाचाही नाही.

शेवटच्या वर्षांत त्यांना मिशनच्या पगाराचे ओझे होऊ लागले. १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, साताऱ्याला मुक्काम हलवला आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने एक मोकळी संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी तेथे एकत्र बसावेत, अशी कल्पना होती. ती रुजायला वेळ मिळाला नाही. मे १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली बालकवींचा अंत झाला. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. वय अवघे सत्तावन्न.

तीन वर्षांनी, १९२२ मध्ये, नगरलाच जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने ख्रिस्त सेवा संघ नावाचा आश्रम काढला आणि लगेच १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहून प्रसिद्ध केले. आश्रम पुढे पुण्याला गेला. लक्ष्मीबाईंनी स्वतः कीर्तने केली. एके काळी पंढरपुरात बसून पतीच्या धर्मांतराचा शोक करणारी ही बाई ख्रिस्ताचे आख्यान लावू लागली होती आणि त्यासाठी तिला नवी चाल शिकावी लागली नाही. पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीच्या हाताखाली अक्षरे गिरवलेल्या या कवयित्रीने साठांहून अधिक अध्याय ओवीत लिहून काढले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या, आणि ग्रंथ छापून बाहेर आला तो १९३८ मध्ये.